एकसष्ट हजारांश

आमच्या रोक्कास्पीना गावात सोसायटीची सभा दोनदा बोलावतात. पहिली सकाळी सहा वाजता, दुसरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला. पहिलीला कोणी जात नाही, जायचं नसतंच. पहिल्या सभेला हजेरी जास्त लागते, ती भरत नाही, म्हणून सभा रद्द होते, आणि मग दुसरी सभा थोडक्या माणसांतही कायदेशीर ठरते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे व्यवस्थापक पहिल्या सभेची वेळ अशी काढतात की त्या वेळेला चर्चमधला पाद्रीसुद्धा अंथरुणात असावा.

लेआर्को झानासी सत्तावन्न वर्षांचा होईपर्यंत हा रिवाज इमानाने पाळत आला होता. पण मे महिन्यातल्या त्या दिवशी तो दाढी करून, टाय लावून, पहाटे सहाला जिन्याखालच्या सायकलींच्या खोलीत हजर झाला. त्याला झोपच लागली नव्हती. नोटिशीतला तिसरा मुद्दा त्याचा होता: ‘गच्चीखालच्या वाळवणाच्या खोलीत दोन शनिवार सकाळी वाद्यसंगीताचं ध्वनिमुद्रण करण्यास परवानगी.’ समजा, चुकून लोक पहिल्याच सभेला आले तर? नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात असेच विचार येतात.

लोक आले नव्हते. एक बाई मात्र आधीच येऊन बसल्या होत्या. घडीच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर, पाठ ताठ. दुसऱ्या मजल्यावरच्या देझोलीना ताल्याव्हीनी. वय एकोणऐंशी, पोलीस हवालदाराची विधवा, आणि लेआर्कोच्या बरोबर खालच्या घरात राहणाऱ्या.

“सिन्योरा, आज कोणी येत नसतं,” लेआर्को म्हणाला.

“नोटिशीत सहा लिहिलंय. मी एकतीस वर्षं सहाला येते,” बाई म्हणाल्या. “सोबत मिळाली ती आज पहिल्यांदाच. बसा.”

लेआर्को एका सायकलीच्या कॅरिअरवर टेकला. बाईंनी पर्समधून वही काढली, तारीख घातली, आणि लिहिलं: उपस्थित, एकसष्ट आणि अठ्ठावन्न. आमच्याकडे मतं माणसांची मोजत नाहीत, घरांची मोजतात. अख्खी इमारत म्हणजे एक हजार. ज्याचं घर मोठं, गॅलरी मोठी, त्याच्या वाट्याला हजारांश जास्त. बाईंचे एकसष्ट होते, कारण त्यांची गॅलरी कोपऱ्यावरची. लेआर्कोचे अठ्ठावन्न होते आणि ते तीन हजारांश त्याला आयुष्यभर सलत आले होते.

“सही करा,” बाई म्हणाल्या. त्याने केली. मग वही मिटता मिटता त्या सहज म्हणाल्या, “ते चौदाव्या मिनिटाचं तुमचं काही खरं नाही. तिथे तुम्ही तिघं कधीच एकत्र येत नाही.”

लेआर्कोची कानशिलं तापली. संगीतावर टीका ऐकायची त्याची तयारी होती; पण जिने दोन महिने झाडूच्या दांड्याने त्याच्या पायाखालची जमीन ठोकून काढली त्या बाईकडून नाही. तो ताडकन उठला, टाय नीट केला आणि वर गेला. वर जाताना सायकलीच्या साखळीचं काळं वंगण त्याच्या पँटच्या बसायच्या जागी लागलेलं होतं, हे त्याला लोरेदानाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सांगितलं.

आता हे चौदावं मिनिट काय ते सांगायला हवं.

लेआर्को की-बोर्ड वाजवतो. गावातल्या औषधाच्या दुकानाची मालकीण इव्हाना मोन्तोर्सी बास गिटार वाजवते, आणि नेव्हियो रोन्केत्ती ड्रम. नेव्हियो फरशीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. चाळीस वर्षं त्याचं काम एकच, फरशी बोटाने ठोकायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा. हे तिघं जे वाजवतात त्यात गाणं नसतं. रॉकचा जोर असतो, जॅझचे हिसके असतात, आणि ताल असतो तेरा मात्रांचा, म्हणजे पायाने ठेका धरायला जावं तर एक मात्रा नेहमी उरतेच. बावीस वर्षांचे असताना ह्या तिघांना एक रेकॉर्ड काढायची संधी आली होती. नेमकी त्याच सकाळी लेआर्कोची नगरपालिकेच्या नोकरीची परीक्षा होती, आणि तो परीक्षेला गेला. नेव्हियो त्यावर एक अक्षर बोलला नाही. पस्तीस वर्षं बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर लेआर्कोला बरं वाटलं असतं.

आणि आता नेव्हियोचा उजवा खांदा गेला होता. बारा जूनला शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टर म्हणाले, हात खांद्याच्या वर परत जाईल असं समजू नका. लेआर्कोने त्याच संध्याकाळी जाहीर केलं: रेकॉर्ड निघणार. बारा जूनच्या आत.

“सगळी?” नेव्हियोने विचारलं.

“सगळी. छोट्या रचना घरी बसून हळूहळू करू. पण ‘समोच्च रेषा’ एका दमात.”

‘समोच्च रेषा’ ही लेआर्कोची मोठी रचना. सतरा मिनिटांची. नाव जमिनीच्या नकाशावरून घेतलेलं, कारण त्याला दुसरं काही सुचत नाही. चौदाव्या मिनिटाला सगळं एकदम थांबतं. पूर्ण शांतता. मग नेव्हियो काठी वर उचलतो आणि त्या इशाऱ्यावर तिघं एकत्र कोसळतात. ही शांतता किती वेळाची, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

“आठ मोजूया ना,” इव्हाना दर वेळी म्हणायची.

“मोजलेली शांतता म्हणजे शांतता नव्हे,” लेआर्को म्हणायचा.

“मग चुकलेली शांतता चालेल तुला?”

तुकडे तुकडे वाजवून जोडावेत, असंही तिने सुचवलं. त्याला मात्र नेव्हियोनेच नकार दिला. “चाळीस वर्षं मी चिकटवलेल्या फरश्या बाजूला काढल्या, इव्हाना. मी स्वतः तसा नको. एकदा अख्खं वाजवायचंय, बस.” नेव्हियो आयुष्यात क्वचितच काही मागतो, म्हणून तेच ठरलं.

सराव लेआर्कोच्या घरी चालायचा, ड्रमवर रबराच्या चकत्या घालून. तरी खालून झाडूचा दांडा यायचाच. आणि ध्वनिमुद्रण घरी शक्य नव्हतं. ड्रम खरे वाजवायचे तर इमारतीत एकच जागा होती, ती म्हणजे गच्चीखालची वाळवणाची खोली.

बेत सोसायटीत फुटला तशी सल्ल्यांना सुरुवात झाली. पावाच्या दुकानात त्याला तीन बायकांनी घेरलं.

“ऐकलं, रेकॉर्ड काढताय! गाणार कोण?”

“कोणी नाही. नुसती वाद्यं.”

“म्हणजे अजून मिळाला नाही होय? माझा भाचा गातो हो. लग्नांतून गातो.”

“गायक नकोच आहे, सिन्योरा.”

“बरोबर आहे, आजकाल पैसे फार मागतात. आमचा तसा नाही.”

चार दिवसांत लेआर्कोकडे सात गायक, एक धार्मिक समूहगान मंडळ आणि बाहुल्यांचा खेळ करणारे एक गृहस्थ चालून आले. सगळ्यांना तो नम्रपणे नाही म्हणाला आणि सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थोपटून, “धीर सोडू नका, मिळेल कोणीतरी,” असं सांगितलं. गायक न मिळालेला बिचारा माणूस म्हणून गावात त्याच्याबद्दल जी सहानुभूती पसरली ती आजतागायत ओसरलेली नाही.

ह्याच सुमारास लोरेदानाने एक निष्पाप वाक्य उच्चारलं. ती प्राथमिक शाळेत शिकवते, तिला रिकामी पानं बघवत नाहीत. “गाण्याचे शब्द नाहीत, मग रेकॉर्डच्या पाकिटात आतली बाजू कोरी राहणार. आभार छाप तिथे.”

बस. रेकॉर्डवर छापील अक्षरं असतील तर ती फक्त आभारांची, हे कळल्यावर इमारतीचा नूरच पालटला. चौथ्या मजल्यावरच्यांनी आपली विजेची तार देऊ केली आणि नावाचं स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून दिलं. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी ‘समोच्च रेषा’ हे नाव बदलावं असा सल्ला दिला. तो मानला नाही तरी सल्ल्याबद्दल आभार हवेतच, म्हणाले. व्यवस्थापक बाल्दिनींनी तर कायद्याचा मुद्दा काढला: सोसायटीतल्या लोकांची नावं छापायची तर क्रम हजारांशांप्रमाणे पाहिजे, नाहीतर उद्या कोर्टकचेरी. लेआर्कोलाही ते पटलं, हे विशेष. त्याने रात्रभर न झोपता नाही, पण दोन दुपारी खपून एक तक्ता केला. हजारांश जितके, तितकी अक्षराची जाडी.

“सत्त्याण्णववाल्यांचं नाव अल्बमच्या नावापेक्षा मोठं झालंय,” लोरेदाना म्हणाली.

“त्याला इलाज नाही,” लेआर्को म्हणाला. “प्रमाण ते प्रमाण.”

दुसऱ्या सभेला, संध्याकाळी सहाला, इमारतीत राहणारे सगळे हजर होते; बाकीची घरं बाहेरगावच्या मालकांची, ते कधीच येत नाहीत. मुद्दा पहिला नळ, दुसरा कबुतरं, तिसरा लेआर्को. बाल्दिनी एकेकाचं मत घेऊन आकडे मांडत गेले. ज्यांची नावं तक्त्यात जाड होती त्यांनी हात उत्साहाने वर केले. ज्यांची बारीक होती त्यांनी जरा खालूनच केले. बेरीज झाली चारशे चाळीस.

“अशा परवानगीला हजारातले पाचशे एक लागतात,” बाल्दिनी म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

लेआर्कोने मनातल्या मनात वजाबाकी केली. एकसष्ट. सगळ्यांच्या माना देझोलीनाबाईंकडे वळल्या.

“मला आभार नकोत,” बाई म्हणाल्या. “वाळवणाच्या खोलीचं वेळापत्रक एकोणीसशे चौऱ्याहत्तरचं आहे. शनिवारी सकाळी माझी पाळी. माझ्या आठ चादरी तिथे वाळत असतात.”

“शुक्रवारी वाळवा ना, सिन्योरा,” कोणीतरी म्हणालं.

“शुक्रवार रित्सोली बाईंचा. त्या वारल्या, पण वार त्यांचाच आहे.” बाईंनी पर्स बंद केली. “हे लोक वाजवू देत. पण माझी चादर हलणार नाही. मी तिथे बसून राहीन. एकाने जरी बाजूला सारली, तर तिथल्या तिथे बंद. कबूल असेल तर माझे एकसष्ट घ्या.”

लेआर्कोने कबूल करून टाकलं. आपण काय कबूल केलं ते त्याला घरी गेल्यावर कळलं. इव्हानाने कपाळावर हात मारला. “आठ चादरींच्या आत आपण एकमेकांना दिसणार तरी का? आणि एकट्या बाईला आठ चादरी लागतात कशाला?”

लागत नाहीत. त्या चादरी बाईंच्या लग्नातल्या. चोवीस जाड तागाच्या चादरी, कोपऱ्यावर नावाची अक्षरं भरलेल्या. निम्म्या कधी अंथरल्याच गेल्या नाहीत. पडून पडून पिवळ्या पडू नयेत म्हणून बाई पाळीपाळीने आठ आठ धुतात. आमच्याकडे त्या पिढीच्या सगळ्याच बायका असं करतात. न वापरलेली चादर मळकी निघाली तर सासरचं नव्हे, माहेरचं नाव जातं.

मग आला परवाना. खरे ड्रम म्हणजे गोंगाट, आणि गोंगाट म्हणजे नगरपालिकेची परवानगी. लेआर्कोने नागरिक ह्या नात्याने खिडकीवर अर्ज दिला. दोन दिवसांनी तो अर्ज त्याच्याच टेबलावर आला, कारण ते काम त्याच्याकडेच होतं. त्याने तो काळजीपूर्वक वाचला. अर्जदाराने मुद्रांक लावलेला नव्हता. लेआर्कोने बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवला. संध्याकाळी घरी जाऊन त्याने तो नकार उघडला, वाचला आणि त्याला मनापासून राग आला.

“किती उर्मट भाषा आहे बघ,” त्याने लोरेदानाला दाखवलं.

“तूच लिहिलंस ना?”

“म्हणून काय झालं? माणसाशी बोलायची एक पद्धत असते!”

मुद्रांक लावून अर्ज पुन्हा गेला. ह्या वेळी त्याच्या ध्यानात आलं की स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करणं बेकायदा आहे. वरच्या साहेबांची सही हवी, साहेब समुद्रावर. अखेर साहेब उन्हाने लाल होऊन परतले आणि सही झाली, तोवर एकतीस मेचा शनिवार हातचा गेला होता. उरला सात जून. एकच सकाळ, दहा ते बारा.

त्या सकाळी नेव्हियोचे ड्रम पाच मजले चढवताना सगळी इमारत जिन्यात उभी होती. मदतीला म्हणून नव्हे, आभारांत आपलं नाव पक्कं आहे ना ते विचारायला. पण हेही खरं, की विचारता विचारता कोणी झांज धरली, कोणी खुर्ची, आणि नेव्हियोला स्वतःला काहीही उचलावं लागलं नाही. लेआर्कोने ते पाहिलं. त्याने मनातल्या मनात सगळ्यांच्या अक्षरांची जाडी एकेका पायरीने वाढवली.

वर आठ चादरी ओळीने टांगलेल्या होत्या, ओल्या नि जड. त्यांच्या मधल्या गल्ल्यांत तिघांनी आपापली जागा घेतली. कोणाला कोणी दिसेना. लोरेदाना कानाला हेडफोन लावून ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी कोपऱ्यात बसली. देझोलीनाबाई ओळींच्या टोकाला स्टुलावर बसल्या आणि मांडीवर परात घेऊन पावटे सोलू लागल्या.

लोरेदानाने हात वर केला तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. “अरे, आवाज काय सुंदर येतोय इथे! घुमत नाही, काही नाही.”

“ताग आहे,” बाई शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या.

पहिल्यांदा वाजवलं. तेरा मिनिटं अशी गेली की लेआर्कोला वाटलं, आपण परीक्षेला गेलोच नव्हतो. चौदाव्या मिनिटाला सगळं थांबलं. शांतता. नेव्हियोने काठी उचलली असावी. ती दिसली फक्त चादरीला. इव्हाना आली, मग नेव्हियो, मग बऱ्याच वेळाने लेआर्को.

“बंद,” लोरेदाना म्हणाली.

दुसऱ्यांदा लेआर्कोने युक्ती केली. शांतता आली तसा तो कमरेत वाकला आणि चादरींच्या खालून नेव्हियोच्या बुटांकडे बघत राहिला. उजवा बूट हलला. लेआर्कोने दहाही बोटं पट्ट्यांवर आपटली. नेव्हियो पोटरी खाजवत होता.

आणि कमरेत वाकलेला लेआर्को तसाच राहिला, कारण त्याची पाठ धरली होती. त्याला सरळ करायला इव्हाना आणि लोरेदाना दोघी लागल्या. चादरीला धक्का लागू न देता सत्तावन्न वर्षांचा माणूस सरळ करणं हे सोपं काम नाही.

साडेअकरा झाले होते. नेव्हियो उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरून बसला होता. चेहरा फरशीसारखा पांढरा पडलेला. इव्हानाने पिशवीतून गोळी काढली, त्याने मान हलवली.

“अजून एकदा निघेल,” तो म्हणाला. “त्यानंतर हा हात डॉक्टरांचा.”

लेआर्को त्याच्या चादरीपाशी सरकला. “नेव्हियो,” तो म्हणाला, “त्या वेळी मी परीक्षेला—”

“आता नको रे,” नेव्हियो म्हणाला. “आता वाजवू.”

“पण चुकणार आपण! तिथेच चुकणार!”

तेव्हा परात खाली ठेवल्याचा आवाज आला. देझोलीनाबाई उठल्या, पदरावरची सालं झटकावीत तशी एप्रनवरची सालं झटकली, आणि म्हणाल्या, “लोरेदाना, खाली माझ्या स्वयंपाकघरात दाराआड झाडू आहे. घेऊन ये.”

“सिन्योरा, आता झाडलोट...”

“मला इथून तिन्ही गल्ल्या दिसतात. नेव्हियोची काठी दिसते, तुमची मान दिसते, हिची बोटं दिसतात. काठी वर गेली की मी ठोकीन. ठोका ऐकलात की या.”

लेआर्कोच्या स्वाभिमानाने शेवटची उसळी घेतली. “झाडूचा आवाज रेकॉर्डमध्ये येईल!”

“दोन महिने येतोच आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला काय वाटलं, मी आवाज बंद करा म्हणून ठोकत होते?”

इव्हानाने चादरीआडून डोकं बाहेर काढलं.

“पहिले दोन दिवस, हो,” बाई म्हणाल्या. “मग ते अंगवळणी पडलं. रोज तिथपर्यंत यायचं नि तिथे फाटायचं. भाजी करपायची माझी. मी खालून ठोकून सांगायची, आत्ता, आत्ता या, की तुम्ही वाजवणंच थांबवायचात! म्हणून एकसष्ट दिले मी. एकदाचं ते पुरं होऊ दे. मरायच्या आधी मला पुढचं ऐकायचंय.”

लेआर्को खुर्चीवर बसला. दोन महिने तो खालच्या ज्या बाईला शिव्या देत होता, ती त्याची सगळ्यात पहिली आणि सगळ्यात चोख श्रोती होती. त्याला इतकी लाज वाटली आणि त्या लाजेखाली इतका आनंद झाला, की त्याने उगाचच दोन-तीन पट्ट्या पुसल्या.

झाडू आला. अकरा एक्केचाळीसला तिघांनी सुरुवात केली. तिसऱ्या वेळी नेव्हियोने जसं वाजवलं तसं तो परत वाजवणार नव्हता, हे चादरीपलीकडे न बघताही सगळ्यांना कळत होतं. घाई नाही, जोर नाही, प्रत्येक ठोका तपासून ठेवल्यासारखा. चौदावं मिनिट आलं. थांबलं. वरच्या गच्चीवर कबुतर चालल्याचं ऐकू येत होतं. शांतता वाढत गेली, लेआर्कोच्या कागदापेक्षा, त्याच्या धीरापेक्षाही लांब, कारण नेव्हियोचा हात सावकाश वर चढत होता आणि ते दिसत होतं फक्त एका माणसाला.

ठक्.

तिघं एकत्र आले. असे आले की जवळच्या चादरीला सुरकुती पडली.

शेवटची तीन मिनिटं लेआर्कोला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की संपल्यावर इव्हाना चादरीखालून रांगत नेव्हियोकडे गेली. त्याची बोटं काठीभोवतून सुटत नव्हती. तिने ती एकेक करून सोडवली, औषधाच्या पुड्या उघडते तशी, हलक्या हाताने.

“झालं का रे अख्खं?” नेव्हियोने विचारलं.

“अख्खं,” लेआर्को म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं ते त्याने लपवलं नाही.

“झालं असेल तर माझ्या चादरी उलटायच्या आहेत,” देझोलीनाबाई म्हणाल्या.

पुढे पाकीट छापायची वेळ आली तेव्हा लेआर्को तक्ता घेऊन बाईंकडे गेला. बाईंचं नाव सगळ्यात वर, सगळ्यात जाड. हजारांश मोडून. त्यासाठी त्याने बाल्दिनींशी तीन दिवस पत्रव्यवहार केला होता.

बाईंनी चष्मा लावून तक्ता पाहिला आणि परत केला. “आभार सल्ले देणाऱ्यांचे माना. मी काम केलंय.”

म्हणून आता पाकिटाच्या मागे चार नावं आहेत. लेआर्को झानासी, की-बोर्ड. इव्हाना मोन्तोर्सी, बास. नेव्हियो रोन्केत्ती, ड्रम. देझोलीना ताल्याव्हीनी, झाडू. आत आभारांची घडी उघडावी लागते, आणि ती इतकी मोठी आहे की परत पूर्वीसारखी मिटत नाही. तीनशे प्रती निघाल्या. चाळीस जपानला गेल्या, तिकडे असल्या संगीताचे दर्दी आहेत म्हणतात. गावात अकरा खपल्या. पावाच्या दुकानातल्या बाईंनी एक घेतली आणि म्हणाल्या, “छान झालीय हो. तरी गायक असता तर...”

प्रतींचं खोकं आलं त्या ऑक्टोबरातल्या दुपारी इव्हाना दुकान बंद करून आली, नेव्हियो बसने आला. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत जात होता, वर नाही. लेआर्कोला आणखी एक तासही धीर धरवेना.

“अडीच वाजलेत,” लोरेदाना म्हणाली. “दोन ते चार शांतता असते.”

“हळू लावतो.”

त्याने हळू लावली नाही. तिघं तीन खुर्च्यांवर बसले, ह्या वेळी मध्ये चादर नव्हती, एकमेकांना नीट दिसत होते. तेरा मिनिटं कोणी हललं नाही. मग सगळं थांबलं. नेव्हियोने डोळे मिटले आणि डावा हात खुर्चीवरून हळूहळू वर न्यायला लागला, खांद्यापर्यंत, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर.

ठक्.

दोन ठोके पडले. एक रेकॉर्डमधून, एक पायाखालून. दोन्हींमध्ये केसाइतकंही अंतर नव्हतं.

शेवटचा सूर विरल्यावर लेआर्को गुडघ्यांवर बसला, पाठीची पर्वा न करता ओणवा झाला, आणि जमिनीला तोंड लावून ओरडला, “फार उपकार झाले, सिन्योरा!”

“दोन ते चार शांतता असते!” खालून आवाज आला. थोडा वेळ काही नाही. मग, जरा हळू: “दुसरी बाजू चारला लावा. मी जागी आहे.”

लेआर्कोने सुई उचलून ठेवली. नेव्हियोने घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी होते. मग तिघं चार वाजेपर्यंत तिथेच एक शब्द न बोलता बसून राहिले.